पिंजऱ्यावरचा कागद

रविवार, ८ जुलै २०१८

घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, अशी म्हण आहे. माझ्या व्याह्यांनी गिनीपिग धाडलाय. ससा म्हणावा तर कान नाहीत, उंदीर म्हणावा तर शेपूट नाही. माझ्या मुलीला, शांतीला, रोह्यात दुसरं बाळ झालं आणि तिच्या सासूनं फर्मान काढलं की बाळंतिणीच्या घरात हे जनावर नको. म्हणून आज माझी नात मालू बापाबरोबर पेणला आली. नऊ वर्षांची पोर, पिंजरा मांडीवर घेऊन गाडीत बसली होती. रडून डोळे सुजवून घेतलेले. बाळ जरा मोठं होईस्तोवर चिवडा माझ्याकडे राहणार.

चिवडा हे त्याचं नाव. अंगावर तीन रंग आहेत म्हणून चिवडा, असं मालू सांगते. मला तर तो सरसकट मातकट दिसतो. असतील तीन, पोरीच्या प्रेमाला काय सहासुद्धा दिसतील.

जाताना तिनं पिंजऱ्याला एक कागद चिकटवला. त्याला काय द्यायचं, काय द्यायचं नाही ते सगळं त्यावर लिहिलंय म्हणाली.

"आबा, वाचलंत ना?"

"वाचलं."

"सगळं?"

"अगं, चाळीस वर्षं गणपतीचे डोळे काढतोय. तुझा कागद वाचता येईना होय मला?"

खरं सांगायचं तर वाचला नाही. पोरीचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. तोंडी सांगितलं ते ध्यानात आहे, तेवढं पुरे. कागद वाऱ्यानं फडफडत होता म्हणून ती बाजू भिंतीकडे केली.

ही वहीही तिचीच. रोज लिहायचं: खाल्लं काय, वजन किती, शिट्टी वाजवली का. वहीच्या रेघा इतक्या फिकट की छापणाऱ्यानं शाई वाचवलीय वाटतं.

मंगळवार, १० जुलै

खाल्लं: गवत, अर्धी काकडी, कोथिंबीर. वजन: वाण्याच्या काट्यावर सहाशे ऐंशी. शिट्टी: डोकं उठेपर्यंत.

प्लॅस्टिकची पिशवी वाजली की हा प्राणी मागच्या दोन पायांवर उभा राहतो आणि शिट्टी मारतो. एस.टी.च्या कंडक्टरला जमणार नाही अशी. संध्याकाळी सात वाजता मालूचा फोन येतो. "शिट्टी ऐकवा." मग मी फोन पिंजऱ्याशी धरतो, पिशवी चुरगाळतो, हा वाजवतो, तिकडे ती हसते. त्रेसष्टाव्या वर्षी माझ्या वाट्याला हे काम आलंय. माझी बायको बायजा आज असती तर लोटपोट हसली असती.

शनिवार, १४ जुलै

कारखान्यात श्वास घ्यायला फुरसत नाही. मुंबईच्या मूर्ती महिनाअखेर निघायच्या आहेत. माझं काम आखणीचं, म्हणजे डोळे. बाकी सगळा रंग कुणीही देईल, पण आखणी झाल्याशिवाय मूर्ती बघत नाही. पेणेत आखणीला नाथा म्हात्रेचं नाव घेतात, हे मी सांगत नाही, लोक सांगतात.

यंदा काळुरामशेठनं बल्ब कसले आणलेत कोण जाणे. प्रत्येकाभोवती कडं दिसतं. शेठला सांगितलं तर म्हणाला, "अण्णा, बल्ब गेल्या वर्षीचेच हायत." ब्रशही भिकार. झिरो नंबरचं टोक जुळतच नाही.

गिरजाबाई दागिन्यांचं सोनेरी काम करते. पंचवीस वर्षं आम्ही शेजारी बसतो. आज म्हणाली, "नाथाअण्णा, एकदा चष्मा तपासून या की."

मी म्हटलं, "गो गिरजाबाई, तू तुझे बाजूबंद सांभाळ."

संध्याकाळी मी उठलो तरी ती थांबलीच होती. सोनेरी राहिलंय म्हणाली. हल्ली तिचं रोजच राहतं. वय झालं तिचं.

मंगळवार, १७ जुलै

मालूनं दिलेली सुक्या गवताची पिशवी संपली. बाहेर आठ दिवस पाऊस उघडलेला नाही, गवत सगळं चिंब. ओलं घातलं तर पोट फुगेल, हे मला कळतं, मी शेतकऱ्याचा पोरगा आहे. विचार करत कारखान्यात गेलो आणि स्वतःवरच हसलो. मूर्ती पेटीत भरताना खाली-वर पेंढा घालतात. भराईच्या जागी कोपऱ्यात गुडघाभर पेंढा पडलेला, कोरडा ठणठणीत, मऊ. काखोटीला मारून घरी आणला. पिंजऱ्यात जाड अंथरला, खायलाही तोच. चिवडा आत घुसला तो नुसतं नाक बाहेर. त्याला म्हणायचं असेल, आता कसं घरासारखं वाटलं.

माणसाला अक्कल असली की अडत नाही.

शनिवार, २१ जुलै

खाल्लं: काकडी थोडी. शिट्टी: एकदा.

दोनतीनदा शिंकला. हवाच तशी आहे, कारखान्यात अर्धी माणसं शिंकतायत. गारठा लागू नये म्हणून पेंढा आणखी घातला.

सोमवार, २३ जुलै

काकडी तशीच. कोथिंबीर तशीच. पिशवी वाजवली, तो उठला नाही. श्वास घेताना अंगातून बारीक करकर येते. हाताला डोळे चिकट लागले, म्हणून कोमट पाण्यानं पुसले. अंग फुगवून कोपऱ्यात बसलाय.

भूक मेली असेल म्हणून मऊ भात कालवून पुढं ठेवला. घरातलं आजारी माणूस मऊ भातावर उठतं. यानं तोंड फिरवलं.

सातला फोन आला. मी काय केलं ते लिहायला लाज वाटते, पण पोरीनं सगळं खरं लिहा म्हणून वही दिलीय. ती म्हणाली शिट्टी ऐकवा. मी पिशवी चुरगाळली आणि ओठ आवळून मीच शिट्टी मारली. दोनदा.

आज ती हसली नाही. मग म्हणाली, "आबा, आज त्याचा आवाज बसलाय."

"पाऊस हाय ना, बाळा."

"बरं," म्हणाली आणि ठेवला.

मंगळवार, २४ जुलै

वजन पाचशे नव्वद. वाण्याला दोनदा काटा बघायला लावला. तो म्हणाला, "अण्णा, काट्यात खोट नाय, उंदरात हाय."

सकाळी जनावरांच्या दवाखान्यात नेला. डॉक्टर खाडीकडच्या गावांत म्हशींना लस टोचायला गेलेले, गुरुवारी येणार. तिथल्या शिपायानं पिंजऱ्यात डोकावून विचारलं, "याला दूध किती?" मला हसू आलं नाही.

दुपारी कामावर बसलो, पण मन ठिकाणावर नाही. सारखं वाटायचं की आत्ता तो गेला असेल. तीनदा घरी येऊन पाहून गेलो. तिसऱ्यांदा शेठ म्हणाला, "अण्णा, मोठ्या मूर्तींची आखणी यंदा गिरजाबाईंना देऊ. तुम्ही दमताय."

मी ब्रश आपटला. सोनेरी लावणाऱ्या बाईला आखणी? उंदीर आजारी पडला म्हणून माणसाचा हात जातो का? गिरजाबाई खाली मान घालून बाजूबंद रंगवत राहिली, आणि मला तिचाच जास्त राग आला.

सात वाजता फोन वाजला. उचलला नाही. वाजून वाजून बंद झाला.

बुधवार, २५ जुलै

सकाळी लवकर जाऊन एक मूर्ती हातावेगळी केली. मन गुंतवायला दुसरा उपाय नव्हता. मग गिरजाबाई आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काय झालं ते बोला तरी." मी सांगितलं. ती म्हणाली, "रोह्यात एक डॉक्टरीण हाय. कुत्री, पोपट, कासवंसुद्धा बघते. माझ्या भाच्याचा पोपट तिनंच वाचवला. उठा, दहाची गाडी गावंल."

मी म्हटलं रोह्यात नको. रोह्यात मालू आहे, कुणी पाहिलं आणि तिच्या कानावर गेलं तर? गिरजाबाई म्हणाली, "मेला तर कानावर जायाचं नाय व्हय?" शेठला सांगून तिनं अर्धी रजा टाकली आणि छत्री उघडली.

गाडीत पिंजरा मांडीवर. नागोठण्यापर्यंत मी त्याच्या पोटावर बोट ठेवून बसलो होतो, हलतंय का बघत. एका म्हातारीनं विचारलं, काय विकायला नेताय? गिरजाबाईनं परस्पर उत्तर दिलं, "विकायला नाय, नातवंड हाय त्यांचं."

डॉक्टरीण पोरसवदा, पण हात जाणता. तपासून म्हणाली, छातीत बिघाड झालाय, चार दिवस पोटात नीट गेलेलं नाही, यांचं पोट थांबलं की जनावर हाती लागत नाही. आज आलात म्हणून. मग खायला काय घालता म्हणून विचारलं. मी सांगू लागलो तर म्हणाली, "थांबा, इथे यादी लावलीय की," आणि पिंजरा फिरवून मोठ्यानं वाचायला लागली.

"एक, गवत ओलं असेल तर पुसून द्यावे. दोन, रोज पेरू किंवा आवळा छोटा तुकडा, याच्या अंगात सी जीवनसत्त्व तयार होत नाही. तीन, शिजवलेले काही देऊ नये. चार, पाणी रोज बदलावे. पाच, कारखान्यातला पेंढा कधीही देऊ नये, त्याला पांढरी पावडर असते, ती नाकात जाते."

आणि खाली चौकट करून: "आबा, पाच नंबर दोनदा वाचा."

डॉक्टरणीनं पिंजऱ्यातली एक काडी उचलून बोटांनी चोळली. बोटं माझ्यापुढं धरली. म्हणाली, "केवढी आहे बघा. प्लॅस्टरची धूळ. पेंढा पांढराफटक पडलाय, दिसलं नाही का तुम्हांला?"

मी बोटांकडे पाहिलं. बोटं दिसली.

म्हटलं, "पोरीचं अक्षर बारीक हाय हो. पेन्सिलीनं लिहिलेलं."

ती हळू म्हणाली, "काका, काळ्या स्केचपेननं लिहिलंय. बोटाएवढं अक्षर आहे."

गिरजाबाई छताकडे बघत होती.

अक्षर वाईट, बल्ब वाईट, ब्रश वाईट, वहीच्या रेघा वाईट. नाचता येईना तर अंगण किती वाकडं असावं! मला दिसत नाही. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय. मला दिसत नाही, आणि त्यापायी पोरीचं जनावर मी माझ्या हातानं मारायला घेतलं होतं.

औषध घेतलं, बिनसुईची सिरिंज घेतली, पाण्यातून पाजायची खाण्याची भुकटी घेतली. स्टेशनकडे वळायच्या वेळी पाय वळले नाहीत. गिरजाबाईला म्हटलं, तू हो पुढं, मी शांतीकडे जातो.

मालू शाळेतून नुकतीच आलेली. पिंजरा बघितला आणि जागच्या जागी उभी राहिली. मी दारातच सगळं सांगून टाकलं, चप्पल न काढता. पेंढा, भात, कागद. तिनं चिवड्याला बाहेर काढून फ्रॉकात घेतलं.

"शिट्टी तुम्ही मारलीत ना?"

"व्हय."

"मला कळलं होतं. चिवडा अशी थुंकी उडवत नाही."

शांती आतून बाळाला घेऊन आली, तिनं पाणी दिलं, मी प्यालो. एकदम मालू समोर आली आणि तिनं हात वर केला.

"बोटं किती?"

"तीन."

"आबा, मी मूठ धरलीय."

शांतीनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. ती रडत होती हे ऐकू आलं. कान शाबूत आहेत.

गुरुवार, २६ जुलै, रोहा

शांतीच्या सासूनं काल संध्याकाळी पिंजऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "ओटीवर ऱ्हाऊ दे दोघांना." म्हणजे मी आणि चिवडा. बाई वाटते तेवढी कडक नाही.

दर तीन तासांनी पाजायचं. भुकटी पाण्यात कालवायची, सिरिंजमध्ये ओढायची, ओठाच्या बाजूनं दाताच्या फटीत घालायची, थेंब थेंब. घाई केली तर फुप्फुसात जातं. मालू सिरिंजवरचा आकडा वाचते आणि भरून देते, पाजतो मी. माझा हात अजून हलत नाही. चाळीस वर्षं श्वास रोखून पापणी ओढलेला हात आहे, त्याला थेंब सोडणं काय अवघड. डोळ्यांनी दगा दिला, हातानं नाही.

पहिल्या वेळी त्यानं सगळं बाहेर काढलं. दुसऱ्या वेळी अर्धं. पाचव्या वेळी गिळल्याचं माझ्या बोटाला लागलं.

मालू माझ्याशी कामापुरतं बोलते. "वर धरा." "आता थांबा." शाळेला जाताना चिवड्याला टाटा केला, मला नाही.

शुक्रवार, २७ जुलै

वजन पाचशे साठ. कमीच होतंय. डॉक्टरणीला फोन केला तर म्हणाली, अजून दोन दिवस बघू. तिचं "बघू" मला आवडलं नाही. ओटीवर फेऱ्या मारल्या. शांतीची सासू म्हणाली, "बसा हो जरा, फरशी झिजंल." बसलो, परत उठलो. त्याच्यासारखं जनावर बाजारात मिळतं म्हणे. ते मी मनातसुद्धा पुरतं येऊ दिलं नाही. एक खोटी शिट्टी पुरे झाली.

शनिवार, २८ जुलै

लेंड्या सात.

मालूनं मोजल्या आणि ओरडत आत गेली. शांतीच्या सासूला वाटलं बाळाला काही झालं. पोट चालू झालं म्हणजे काय, ते घरात कुणालाच कळेना. मला मात्र आखणी झालेली मूर्ती पहिल्यांदा बघते तेव्हा होतं तसं झालं.

दुपारी पेरूची फोड हुंगली. खाल्ली नाही, पण हुंगली.

रविवार, २९ जुलै

फोड खाल्ली. वजन पाचशे सत्तर.

मालू म्हणाली, "आबा, चहा घेणार?"

गुरुवार, २ ऑगस्ट, पेण

चिवडा रोह्यालाच ओटीवर राहिला. शांतीच्या सासूबाईंनीच सांगितलं, आता मेला तर आमच्या डोळ्यांसमोर तरी मरंल. मी एकटा आलो.

कारखान्यात जाऊन शेठला म्हटलं, मला दिसत नाही, आखणी दुसऱ्याला द्या. वाटेत चारदा घोकून ठेवलं होतं. शेठ खाली बघत म्हणाला, "ठाऊक हाय, अण्णा." जूनपासून ठाऊक होतं. रोज मी गेलो की गिरजाबाई मागे थांबायची आणि मी काढलेले मूर्तींचे डोळे पुसून पुन्हा काढायची. सोनेरी कधीच राहिलेलं नव्हतं.

तिला विचारलं, सांगितलं का नाहीस. म्हणाली, "सांगितलं की. चष्मा तपासा म्हटलं. तुम्ही बाजूबंद काढलेत माझे."

मी बाकावर बसून राहिलो. चीड आली, लाज वाटली आणि बरंही वाटलं, तिन्ही एकदम. माझा झिरो नंबरचा ब्रश धुऊन तिच्या डब्यात ठेवला. ब्रश चांगला आहे, टोक जुळतं.

सोमवार, २० ऑगस्ट

उद्या पनवेलला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. मोतीबिंदू पिकून दगड झालाय म्हणाले. भीती वाटते. शांती बाळ घेऊन येते म्हणाली, मी नको म्हटलं, तरी येणार आहे. मालूचा फोन आला. मी शिट्टी मागितली नाही, ऐकायचा हक्क उरला नाही असं वाटलं. तीच म्हणाली, "अजून नाही वाजवत तो. पण दोन पायांवर उभा राहतो."

गुरुवार, १३ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

तीन आठवडे वही धरायची नाही असा शांतीचा हुकूम होता. आज सुटलो.

सकाळच्या गाडीनं सगळी रोह्याहून आली. मालूनं पिंजरा खाली ठेवला आणि मी वाकलो. नारिंगी आहे. पाठीवर हा एवढा नारिंगी पट्टा, एक कान काळा, बाकी पांढरा. तीन रंग. मी पोरीला म्हटलं, याला मातकट म्हणणाऱ्याला चाबकानं फोडलं पाहिजे. ती हसली.

घरच्या गणपतीची मूर्ती गिरजाबाईनं आणून दिली. वीतभर उंचीची. कापड काढत म्हणाली, "ही तुमच्या हातची. रोह्याला गेलो त्या दिवशी मी गाडीत तुमच्यासोबत होते, म्हणून हिचे डोळे नीट करायचे राहिले. शेठ रंग पुसा म्हणत होता, मी ठेवली."

पाटावर ठेवून बघितली. बापरे! उजवं बुबुळ ठीक, डावं घसरून खाली कोपऱ्यात. देव समोर बघतच नाही, कुठंतरी जमिनीकडे बघतोय. अशी मूर्ती मी आयुष्यात कारखान्याबाहेर जाऊ दिली नव्हती. दुसऱ्यानं काढली असती तर त्याला दिवसभर सुनावलं असतं. प्रतिष्ठापनेला तासभर होता, गिरजाबाईकडून ब्रश आणि काळा रंग मागून घेतला. हात धुऊन बसलो. श्वास रोखला.

"आबा, थांबा."

मालू पालथी झोपून, हनुवटी जमिनीला टेकवून, देवाच्या नजरेच्या रेषेत बघत होती. रेष पाटावरून निघाली, समईच्या बाजूनं खाली आली आणि कोपऱ्यात पिंजऱ्यावर थांबली.

"तो चिवड्याकडे बघतोय," ती म्हणाली. "नका नीट करू. लक्ष ठेवू दे."

माझा ब्रश हवेतच राहिला. गिरजाबाईनं तो माझ्या हातातून काढून घेतला, आणि मी काढू दिला.

दूर्वांच्या एकवीस जुड्या आणल्या होत्या, देवाला वीस मिळाल्या. पिशवी उघडताना वाजली आणि कोपऱ्यातून अशी शिट्टी आली की बाळ दचकून रडायला लागलं.

खाल्लं: पेरू, काकडी, देवाच्या दूर्वांची एक जुडी, पुसून. वजन: सहाशे नव्वद. शिट्टी: तीनदा. त्याचीच.